पिकाला पुरावा, माणसाला जाहिरात

लखनौहून जवळात जवळचा समुद्रकिनारा गाठायचा, तरी सुमारे हजार किलोमीटरचा प्रवास करावा लागतो. या शहरातील बहुसंख्य लोकांनी समुद्री शेवाळ कधी डोळ्यांनी पाहिलेले नाही. तरीही अलीगंज, आलमबाग, इंदिरानगर या वस्त्यांतील व्यायामशाळांच्या काउंटरवर गेली काही वर्षे ते मांडून ठेवलेले दिसते. प्रथिनांच्या भुकटीच्या मोठ्या डब्यांशेजारी हिरव्या झाकणाच्या लहान बाटल्या असतात आणि त्यांवर लाटांचे चित्र असते. स्नायू लवकर भरतात, व्यायामानंतरचा शिणवटा एका रात्रीत जातो, रसायन काहीही नाही, सगळे निसर्गाचे, असे सांगून त्या विकल्या जातात. किंमत साधारण घरातील महिन्याच्या दुधाच्या बिलाएवढी.

अशीच एक बाटली माझ्या घरात आली, म्हणून हा लेख.

माझा भाचा गोंड्याचा. वय तेवीस. पोलीस शिपाई भरतीच्या तयारीसाठी तो माझ्याकडे लखनौला राहतो. उत्तर प्रदेशात या भरतीचे महत्त्व किती, हे वेगळे सांगायला नको. साठ हजारांच्या आसपास जागांसाठी लाखो तरुण लेखी परीक्षा देतात आणि त्यातून निवडलेल्यांना पंचवीस मिनिटांत ४.८ किलोमीटर धावून दाखवावे लागते. त्या पंचवीस मिनिटांवर एका कुटुंबाची पुढली तीस वर्षे ठरतात. अशा मुलाला व्यायामशाळेतील प्रशिक्षकाने ‘शक्तीही वाढेल आणि थकवाही जाईल’ असे सांगून रोज चार कॅप्सूल घ्यायला लावल्या, तर तो नाही म्हणणार नाही. त्याने मलाही विचारले नाही. विचारले असते, तर शेवाळात वाईट काय असणार, असे मीही बहुधा म्हटले असते.

तिसऱ्या महिन्यात त्याचे वजन उतरू लागले. त्याला वाटले, चरबी जाते आहे. मग हात थरथरू लागले, रात्री छातीत धडधड होऊ लागली आणि जिना चढताना मांड्यांत बळ उरले नाही. ‘मामा, मी रोज जास्त पळतोय आणि रोज मागे पडतोय,’ असे तो एका सकाळी म्हणाला, तेव्हा मी त्याला डॉक्टरांकडे नेले. रक्ताच्या तपासणीत थायरॉईडचे संप्रेरक फार वाढलेले निघाले. मानेवर हात फिरवताना डॉक्टरांना एक लहानशी गाठ लागली. ‘काय काय घेतोस?’ या प्रश्नावर त्याने खिशातून ती बाटली काढली. डॉक्टरांनी ती उलटसुलट फिरवून पाहिली. ‘समुद्री शेवाळाची भुकटी, ५०० मिलिग्रॅम’ एवढेच तिच्यावर लिहिले होते. कोणत्या जातीचे शेवाळ, कोणत्या समुद्रातले, त्यात आयोडीन किती, यांपैकी काहीही नव्हते. या बाटलीमुळेच हे झाले, असे डॉक्टर छातीठोकपणे म्हणाले नाहीत. पण ती तत्काळ बंद करायला त्यांनी सांगितले. औषधे सुरू झाली. नाडी ठिकाणावर यायला चार महिने लागले आणि त्या चार महिन्यांत धावण्याची तारीख येऊन गेली.

त्या बाटलीत नेमके काय होते, हे मला आजही ठाऊक नाही. माझी तक्रार हीच आहे. ते ठाऊक असण्याची सोय आपल्या व्यवस्थेने ठेवलेली नाही.

समुद्री शेवाळ म्हणजे एक पदार्थ नव्हे. लाल, तपकिरी आणि हिरव्या अशा त्याच्या हजारो जाती आहेत आणि त्यांच्यात बटाटा आणि बदाम यांच्याइतके अंतर असू शकते. जपानी लोक भाताभोवती गुंडाळतात त्या लाल जातीच्या नोरीमध्ये, वाळलेल्या वजनाच्या दर ग्रॅमला साधारण वीस ते चाळीस मायक्रोग्रॅम आयोडीन असते. केल्प म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तपकिरी जातींत तेच प्रमाण दर ग्रॅमला दीड हजार मायक्रोग्रॅमच्या वर सहज जाते. प्रौढ माणसाची रोजची गरज सुमारे १५० मायक्रोग्रॅम आहे आणि अमेरिकेतील आहारतज्ज्ञांनी सुरक्षित कमाल मर्यादा ११०० मानली आहे. आता माझ्या भाच्याच्या चार कॅप्सूलचा हिशेब मांडून पाहावा. रोज दोन ग्रॅम भुकटी. ती नोरीची असेल, तर आयोडीन शंभराच्या आत राहील. केल्पची असेल, तर तीन हजारांवर जाईल. एक प्रमाण निरुपद्रवी, दुसरे गरजेच्या वीसपट; आणि लेबल दोन्हींचे एकच!

यात आमच्या मुलखाचा एक जुना इतिहासही मिसळलेला आहे. हिमालयाच्या पायथ्याचा तराईचा पट्टा हा देशातील गलगंडाचा पट्टा होता. पुरांनी धुऊन निघालेल्या मातीत आयोडीन नाही, म्हणून पिकांत नाही आणि म्हणून माणसांतही नाही. १९८०च्या दशकात दिल्लीच्या एम्समधील संशोधकांनी देवरिया, गोरखपूर आणि गोंडा या जिल्ह्यांतील नवजात बालकांचे रक्त तपासले, तेव्हा थायरॉईडच्या कमतरतेचे जे प्रमाण समोर आले, ते काळीज हलवणारे होते. माझ्या आईच्या गळ्यावरची गाठ आम्हा भावंडांना दागिन्याइतकी परिचयाची होती. गावात ती कोणाला नव्हती? गलगंड नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९६२ मध्ये सुरू झाला, पुढे मिठात आयोडीन मिसळणे सार्वत्रिक झाले आणि एका पिढीत ते दृश्य बहुतांशी दिसेनासे झाले. स्वतंत्र भारताच्या आरोग्यसेवेच्या मोठ्या, पण फारशा न गायिलेल्या यशांपैकी हे एक आहे.

या यशाचे मर्म मोजमापात होते. कारखान्यातून निघताना मिठात आयोडीन दहा लाख भागांत तीस भाग आणि ग्राहकाच्या घरी पोहोचताना किमान पंधरा भाग असले पाहिजे, असे ठरवले गेले. शासनाने लोकांना ‘आयोडीन चांगले असते, खा’ असे सांगून सोडून दिले नाही. किती, ते ठरवले, तपासले आणि पिशवीवर छापायला लावले. कारण आयोडीन कमी पडले तरी थायरॉईड बिघडते आणि अति झाले तरी बिघडते. ज्या भागात पूर्वी कमतरता होती, तेथील लोकांच्या थायरॉईडमध्ये जुन्या गाठी असण्याचा संभव अधिक असतो. अशांच्या शरीरात एकदम भरपूर आयोडीन गेले, तर ती ग्रंथी बेफाम होऊ शकते, हे वैद्यकशास्त्राला शतकाहून अधिक काळ ज्ञात आहे. थायरॉईडचे संप्रेरक वाढले की शरीर स्वतःचेच स्नायू जाळू लागते. ते कमी झाले तरी स्नायू दुखतात, आखडतात आणि व्यायामातून सावरायला वेळ लागतो. म्हणजे स्नायूंसाठी घेतलेली गोळी दोन्ही दिशांनी स्नायूंवरच उलटू शकते.

हा धोका पत्करावा, असा काही लाभ तरी आहे काय? स्नायूंच्या वाढीला आळा घालणारे मायोस्टॅटिन नावाचे एक प्रथिन शरीरात असते. ते सापडल्यानंतर, त्याला बांधून ठेवणारे एक तपकिरी शेवाळ मिळाले आहे, असे सांगत या शतकाच्या आरंभी अमेरिकेत गोळ्यांचा मोठा बाजार उभा राहिला. टेक्सासमधील बेलर विद्यापीठात याची परीक्षा घेण्यात आली. व्यायामाची सवय नसलेल्या २२ पुरुषांनी बारा आठवडे वजने उचलली. काहींना रोज १२०० मिलिग्रॅम त्या शेवाळाची भुकटी दिली, काहींना नुसतीच दिसायला तशी गोळी. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की बळ आणि स्नायू दोन्ही गटांत वाढले आणि दोन्हींत सारखेच वाढले. वाढवले ते व्यायामाने. शेवाळातील इतर घटकांवर त्यानंतर बरेच काम झाले आहे आणि त्यातील काही आशादायकही आहे. परंतु ते मुख्यतः पेशींवरचे आणि उंदरांवरचे आहे. माणसांवरचे प्रयोग थोडे आणि लहान आहेत. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१८ मध्ये तज्ज्ञांकडून पूरक पदार्थांचा आढावा घेतला, तेव्हा खेळातील कामगिरी सुधारण्याचा भक्कम पुरावा असलेल्या पदार्थांची यादी पाच नावांवर संपली : कॅफीन, क्रिएटिन, नायट्रेट, बीटा-अ‍ॅलनिन आणि बायकार्बोनेट. त्या यादीत समुद्री शेवाळ नाही.

प्रथिनांचा दावाही असाच तोकडा आहे. वाळलेल्या नोरीत तीस-चाळीस टक्के प्रथिने असतात, हे खरे. पण नोरीचे एक पान तीन ग्रॅमचे असते. त्यातून मिळणारे प्रथिन जेमतेम एक ग्रॅम. एका अंड्यात सहा ग्रॅम असते आणि दोन मुठी भाजलेल्या चण्यांत दहा. वजने उचलणाऱ्या तरुणाला शरीराच्या दर किलोमागे दिवसाला साधारण १.६ ग्रॅम प्रथिने पुरतात, त्याहून जास्त खाऊन स्नायू अधिक वाढत नाहीत, असे ४९ अभ्यासांच्या एकत्रित पाहणीतून २०१८ मध्ये दिसून आले. साठ किलोच्या मुलासाठी हे शंभर ग्रॅमच्या आतले काम आहे आणि डाळ, दूध, अंडी, सोयाबीन, सत्तू यांतून ते भागते. राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहार-मार्गदर्शक सूत्रांत प्रथिनांची भुकटी घेऊन शरीर कमावण्याचा मार्ग टाळावा, असेच सांगितले आहे. गंमत अशी, की तयार प्रथिन-पेये दाट राहावीत म्हणून त्यांत घालतात तो कॅरॅजीनन हा पदार्थ शेवाळापासूनच काढलेला असतो. म्हणजे समुद्र व्यायामशाळेत फार पूर्वीच पोहोचला होता. फक्त तो शक्तीच्या नावाने विकला जात नव्हता.

आता मुद्दा शासनाचा. समुद्री शेवाळ ही केंद्र सरकारची आवडती योजना आहे आणि ती आवड अनाठायी नाही. २०२१ च्या अर्थसंकल्पात तमिळनाडूत शेवाळाचे बहुउद्देशीय उद्यान उभारण्याची घोषणा झाली. मत्स्यसंपदा योजनेत शेवाळासाठी ६४० कोटी रुपये ठेवले गेले. या पिकाला गोडे पाणी लागत नाही, जमीन लागत नाही, खत लागत नाही. रामनाथपुरमच्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या स्त्रिया बोटांना कापडाच्या पट्ट्या बांधून, श्वास रोखून बुडी मारतात आणि खडकांवरचे शेवाळ खुडून आणतात. त्यांच्या कष्टावर मदुरैचे अगर-अगरचे कारखाने चालतात. त्यांना चांगला भाव मिळावा, समुद्रात दोर बांधून शेती करता यावी, कोकणापासून अंदमानपर्यंत ही शेती वाढावी, याला माझा पूर्ण पाठिंबा आहे.

हेच शेवाळ आमच्या उत्तर प्रदेशात आणखी एका वाटेने आलेले आहे. भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने विकसित केलेल्या तंत्राने शेवाळाचा अर्क काढून तो पिकांना देतात. इफ्कोची ‘सागरिका’ आमच्याकडच्या ऊस आणि गहू पिकवणाऱ्या शेतकऱ्याला परिचित आहे. अशा पदार्थांना जैव-उत्तेजके म्हणतात. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्राने खत नियंत्रण आदेशात दुरुस्ती करून ती कायद्याखाली आणली. त्यानुसार अशा उत्पादनाला नोंदणीसाठी घटकांचे प्रमाण सांगावे लागते, विषारीपणाच्या चाचण्या द्याव्या लागतात, जड धातूंची मर्यादा पाळावी लागते आणि पिकावर खरोखर परिणाम होतो, हे शेतातील प्रयोगांनी दाखवावे लागते. या यंत्रणेतही वर्षानुवर्षे ढिलाई झाली. तात्पुरत्या नोंदणीवर हजारो बाटल्या विकल्या गेल्या. पण जुलै २०२५ मध्ये कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनीच सांगितले, की एके काळी बाजारात तीस हजारांच्या घरात असलेली ही उत्पादने कसोटी लावल्यावर साडेसहाशेच्या आसपास उरली. शेतकरी नाडला जातो आहे, हे दिसल्यावर सरकार उशिरा का होईना, हलले.

आणि माणसासाठी? अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाचे पोषक पूरकांविषयीचे नियम आहेत, परवाना लागतो, ‘औषधी वापरासाठी नाही’ असे छापावेही लागते. जाहिरातीतील दाव्याला शास्त्रीय आधार हवा, असेही नियम सांगतो. पण मान्य यादीतील घटकांपासून उत्पादन बनवले, की त्याने स्नायू वाढतात काय, हे बाजारात येण्यापूर्वी कोणालाही सिद्ध करून दाखवावे लागत नाही. दाव्याचा आधार उत्पादकाच्या कपाटात राहतो आणि कोणी मागितला तरच बाहेर येतो. कायद्याच्या दृष्टीने शेवाळ उसाच्या मुळाशी घालायचे असेल, तर आधी पुरावा लागतो. माझ्या भाच्याच्या पोटात घालायचे असेल, तर परवाना आणि जाहिरात पुरते. ही विसंगती एखाद्या व्यापाऱ्याच्या लबाडीपेक्षा गंभीर आहे, कारण ती आपण नियमांतच लिहून ठेवलेली आहे.

ही भीती कल्पनेतली नाही. केरळमधील डॉक्टरांच्या पुढाकाराने भारतीय बाजारातील ३६ प्रथिन-भुकट्या तपासल्या गेल्या आणि २०२४ मध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यांपैकी २५ भुकट्यांवर लिहिलेले प्रथिनांचे प्रमाण आत असलेल्याशी जुळत नव्हते. काहींत बुरशीचे विष सापडले, काहींत कीटकनाशकांचे अंश. शेवाळाच्या बाबतीत तर आणखी काळजी हवी. ते समुद्रातले आर्सेनिक आणि कॅडमियमही शोषून घेते. हिजिकी या एका जातीत घातक स्वरूपाचे आर्सेनिक इतके आढळले, की ब्रिटनच्या अन्नप्रशासनाने २००४ मध्येच ती खाऊ नये, असा इशारा लोकांना दिला.

लखनौच्या सरोजिनीनगर भागात भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे केंद्र आहे. देशाच्या महिला कुस्तीगिरांची राष्ट्रीय शिबिरे तेथे अनेक वर्षे भरत आली. अशा शिबिरातल्या मुलीला निदान डॉक्टर असतो, आहारतज्ज्ञ असतो आणि उत्तेजक चाचणीचा धाक असतो. एवढे असूनही २०२३ मध्ये भारतीय खेळाडूंच्या ५,६०६ नमुन्यांपैकी ३.८ टक्के दोषी निघाले. मोठ्या प्रमाणावर चाचण्या करणाऱ्या देशांत हे प्रमाण सर्वाधिक होते. मग ज्यांच्या पाठीशी कोणीच नाही, अशा अलीगंजच्या व्यायामशाळेतील मुलांचे काय? त्यांचा आहारतज्ज्ञ म्हणजे काउंटरपलीकडचा प्रशिक्षक, आणि पुष्कळदा प्रत्येक बाटलीमागे त्याला दलाली मिळते.

यावर एक आक्षेप येईल आणि तो प्रामाणिकपणे घेतला जाईल. हा उद्योग नुकता रांगू लागला आहे. आताच चाचण्यांचे ओझे लादले, तर लहान उत्पादक मरतील आणि रामनाथपुरमच्या स्त्रियांच्या हाती पुन्हा काही उरणार नाही. मला हे उलट दिसते. जैव-उत्तेजकांच्या बाबतीत सैल सोडलेल्या बाजाराने आधी प्रामाणिक उत्पादकाची पत घालवली आणि मग एका फटक्यात बडगा आला. शेवाळाच्या गोळीने चार मुले आजारी पडल्याची बातमी एकदा झळकली, की ग्राहक नोरी आणि केल्प असा भेद करत बसणार नाही. तो शेवाळ या शब्दालाच घाबरेल. त्या दिवशी सर्वांत आधी भाव पडेल तो बुडी मारणाऱ्या बाईच्या टोपलीतील मालाचा.

मागणे फार मोठे नाही. शेवाळ असलेल्या प्रत्येक खाद्य-पूरकावर त्याची जात, उगमस्थान आणि रोजच्या मात्रेतील आयोडीन मायक्रोग्रॅममध्ये छापणे सक्तीचे करावे. थायरॉईडचा विकार असलेल्यांना आणि गर्भवतींना इशारा ठळक असावा. आर्सेनिक आणि कॅडमियमची तपासणी प्रत्येक घाण्याची व्हावी आणि तिचा निकाल ग्राहकाला पाहता यावा. आणि स्नायू, शक्ती किंवा थकवा यांविषयी जो दावा करील, त्याने पुरावा विक्रीपूर्वी दाखवावा. जेवढा उसासाठी दाखवावा लागतो, निदान तेवढा. मिठाच्या पिशवीवर आपण हे सारे पन्नास वर्षांपूर्वीच्या साधनांनी करू शकलो. आज ते अशक्य आहे, असे कोणी म्हणू नये.

माझा भाचा आता पुन्हा पहाटे गोमतीच्या काठाने धावतो. पुढील भरतीची वाट पाहतो आहे. स्वयंपाकघरात रात्री भिजत घातलेल्या चण्यांची वाटी असते आणि व्यायामशाळेतील मित्र त्याला त्यावरून चिडवतात. ती रिकामी बाटली मात्र त्याने टाकलेली नाही. मी विचारले, तेव्हा म्हणाला, ‘मामा, आत काय होतं ते कुणी तपासून सांगेल का?’ सध्या या प्रश्नाचे उत्तर मी देऊ शकत नाही. ज्यांच्याकडे ते असायला हवे, त्यांनी ते द्यावे.

(लेखक लखनौस्थित मुक्त पत्रकार आहेत. मूळ हिंदी लेखाचा अनुवाद.)